डाव्या हातांचा वर्ग

सोमवार, १ डिसेंबर २०२५

सत्तावीस वर्षांच्या नोकरीत मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये चहा मिळायची ही दुसरी वेळ. पहिल्यांदा मिळाला तेव्हा निवडणुकीचं काम गळ्यात पडलं होतं. म्हणून आज कप उचलायच्या आधीच नविन सरांना विचारलं, "काय काढलंय सर?"

काढलं होतं ते चांगलं निघालं. यंदापासून शाळेत नव्या शिक्षकाला एक जुना शिक्षक जोडून द्यायचा आहे. मार्गदर्शक शिक्षक म्हणून पहिलं नाव माझं, सौ. हिरकणी पागधरे. चार पाठ मागे बसून बघायचे, प्रत्येकाचा निरीक्षण तक्ता भरायचा आणि खाली सही ठोकायची. जागृती वरठाची शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं ३१ जानेवारीला पूर्ण होतात. तिला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे संस्था माझ्या तक्त्यांवरून ठरवणार. "तुमचा शब्द शेवटचा," सर म्हणाले. खोटं कशाला बोलू, ऐकून बरं वाटलं.

जागृती माझीच विद्यार्थिनी. दहावी होऊन बारा वर्षं झाली असतील. आठवीपासून तीन वर्षं गणिताला मीच होते. खिडकीजवळ बसायची. शांत पोर, हात मात्र कायम वर. कधी त्रास दिल्याचं आठवत नाही. आता सहावी-सातवीला गणित शिकवते. घरचीच म्हणायची, मार्गी लावून देईन.

गुरुवार, ४ डिसेंबर

पहिला पाठ पाहिला. सहावीचा वर्ग, अपूर्णांकांची बेरीज. मी मागच्या भिंतीशी खुर्ची टाकून बसले आणि वर्गाला जी वाचा बसली ती तास संपेपर्यंत उघडली नाही. प्रश्न विचारला की तीन हात वर, फार तर चार. बाकीची मुलं वळून वळून माझ्याकडे बघत होती.

तास झाल्यावर तिला बाजूला घेतलं आणि माझी खास युक्ती दिली. ही युक्ती माझी स्वतःची आहे. तालुक्यातल्या निम्म्या शाळा वापरतात, पण माझं नाव कोणी घेत नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी तपासणी आली होती. साहेबांनी प्रश्न विचारला, एकही हात वर झाला नाही आणि माझा सगळ्यांदेखत पाणउतारा झाला. त्यानंतर मी मुलांना शिकवून ठेवलं, की हात सगळ्यांनी वर करायचा. ज्याला येतं त्याने उजवा, ज्याला येत नाही त्याने डावा. बाहेरच्याला सगळा वर्ग हुशार दिसतो, आपण उजव्यांना विचारायचं, आणि ज्याला येत नाही तोही उघडा पडत नाही. पुढे मला ते इतकं सोयीचं वाटायला लागलं की पाहुणा असो नसो, रोजच तसं चालू राहिलं. तास कसा झरझर पुढे सरकतो.

जागृती खाली बघून म्हणाली, "मला माहितीये बाई."

माहीत असणारच, माझ्या हाताखालून गेली आहे. मग वापरत का नाही, हे विचारायचं राहिलं. तक्त्यावर लिहिलं, 'सुधारणा आवश्यक'. पहिलाच पाठ आहे.

शुक्रवार, १२ डिसेंबर

डोकं फिरायची वेळ आली आज.

दुसरा पाठ. सुरुवात अशी की मी खुर्चीत सैल होऊन बसले. जागृतीने फळ्यावर एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश लिहिलं आणि चाळीस हात वर झाले. उजवे पंधरा-सोळा, बाकी डावे. म्हटलं, शिकली पोरगी. आणि ही बाई काय करते? डाव्यांतलीच एक उठवते! सोमी नावाची. सोमी उभी. एक मिनिट झालं, दोन झाली. मला घाम फुटला, जागृती मात्र हाताची घडी घालून बसची वाट बघावी तशी निवांत. शेवटी सोमी म्हणाली, "दोन पंचमांश."

सरळ वर एक आणि एक दोन, खाली दोन आणि तीन पाच. सत्तावीस वर्षं मी ही चूक बघते आहे. चूक म्हणायची, पुसायची आणि उजव्या हाताकडून बरोबर उत्तर घ्यायचं. हिने ते चुकीचं उत्तर फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं आणि विचारलं, "अर्धी भाकर तुझ्याकडे होतीच. त्यात मी अजून तुकडा दिला. आता दोन पंचमांश म्हणजे अर्ध्यापेक्षा जास्त की कमी?" यावर पंधरा मिनिटं. मुलं आपापसांत त्यांच्या वारली बोलीत भांडायला लागली. सोमी दोनदा बसली, दोनदा उठली. घंटेला अर्धं मिनिट असताना तिला जमलं. पस्तीस मिनिटांत एक गणित!

बाहेर आल्यावर मी तिला सोडलं नाही. "डोळे कुठे होते तुझे? डावे हात दिसत नव्हते?"

"दिसत होते ना बाई. म्हणून तर त्यांना विचारलं."

"अगं, ज्यांना येत नाही त्यांना विचारून काय मिळणार आहे?"

तिने हातावरचा खडू झटकला. मग म्हणाली, "ज्यांना येतं त्यांना विचारून काय मिळतं बाई?"

उलट उत्तर. लिहिलं, 'प्रश्नासाठी विद्यार्थी निवडण्याचे कौशल्य नाही. वेळेचे नियोजन नाही. चुकीचे उत्तर फळ्यावर राहिले.'

मंगळवार, १६ डिसेंबर

नविन सरांनी दुसऱ्या पाठाचा तक्ता दोनदा वाचला. "तुमच्याइतकं स्पष्ट लिहिणारं शाळेत कोणी नाही," म्हणाले. मग चष्मा काढून, "पण बाई, एवढं सगळं लिहून खाली दर्जा 'सुधारणा आवश्यक'? हे दोन जुळत नाहीत." खरंच जुळत नव्हतं. 'कमकुवत'वर खूण केली.

केबिनमध्ये हेतल बसली होती. संस्थेचे अध्यक्ष भावेशभाई यांची सून. बी.एड. झालेली, विषय गणितच, घरी बसून कंटाळते म्हणून महिनाभर अनुभव घ्यायला येते. गुणी मुलगी. जाताना त्यांच्या वाडीतल्या चिकूंची पेटी माझ्या हातात ठेवली, "मॅडम, तुमच्याकडून शिकायचंय मला." आजकाल असं म्हणणारं तरी कोण भेटतं? चिकू मऊ निघाले, घरी यांनी जेवणाआधीच चार संपवले.

शुक्रवार, १९ डिसेंबर

तिसरा पाठ. पुन्हा तोच हट्ट, पुन्हा डावे हात. आता तर ती माझ्याकडे बघतसुद्धा नाही. 'सूचना देऊनही बदल नाही.' कमकुवत.

सही करताना क्षणभर पेन थांबलं होतं. का ते कळलं नाही. बसचा विचार असेल.

सोमवार, २२ डिसेंबर

नववीच्या चाचणीचे पेपर तपासून झाले. अडतीसपैकी एकोणीस नापास. काय बोलायचं? पालक दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, घरी विचारणारं कोणी नाही, आणि हातात मोबाईल. वर्गात सगळ्यांचे हात वर आणि पेपरात भोपळा. ही पिढीच मला कळेनाशी झाली आहे.

शनिवार, ३ जानेवारी २०२६

जे झालं ते जसंच्या तसं लिहिते आहे. नंतर मीच बदलून सांगेन, तसं व्हायला नको.

सकाळच्या शाळेत तिसरा तास मोकळा होता. सहावीच्या बाहेरून जाताना आतला गलका ऐकला आणि खिडकीच्या अलीकडेच थांबले. डावे हात वर होते, पण कसे? मुलं उड्या मारत होती. "बाई, माना नाय समजला! बाई, माना!" येत नाही हे सांगायला मुलांची चढाओढ लागलेली मी जन्मात पाहिली नव्हती. सोमी फळ्यापाशी उभी राहून दुसऱ्या मुलीला भाकरीची चित्रं काढून दाखवत होती. जागृती मागच्या बाकावर, मुलांत बसलेली.

मला काय वाटायला हवं होतं ते आता कळतं. तेव्हा वाटला तो राग. मी बसले की वर्ग दबलेला आणि माझ्यामागे असा! मुद्दाम करते, मला खोटं पाडते. तास सुटल्यावर तिला प्रयोगशाळेत नेलं आणि वाट्टेल ते बोलले. कृतघ्न म्हटलं. तीन वर्षं तुला शिकवलं, त्याचं हे फळ का, असंही म्हटलं.

तिने ऐकून घेतलं. मग आवाज न चढवता म्हणाली, "बाई, त्या तीन वर्षांत मी डावाच हात वर केला."

मी दार लोटून घेतलं.

"रोज करायची. तुमचे डोळे उजव्या हातांवरून फिरायचे आणि मला सोडून पुढे जायचे. आठवीला बरं वाटायचं, सुटलो म्हणून. नववीला मला भीती वाटायला लागली. आपण वर्गात आहोत की नाही, असं. एकदा मी मुद्दाम उजवा वर केला. येत नव्हतं, तरी. तुम्ही विचारलं. मी उभी राहिले आणि रडायला लागले. तुम्ही म्हणालात, 'अजून डावं-उजवं कळत नाही का तुला?' वर्ग हसला."

मला हे आठवत नाही. तिच्यासमोर उभी राहून मी खूप आठवायचा प्रयत्न केला.

"दहावीला गणित उडालं माझं," ती म्हणाली. "तुम्हाला तेही माहीत नसेल. पुन्हा बसले, पस्तिसावर सुटले. मग बी.एस्सी.ला गणितच घेतलं. आवड नव्हती बाई. राग होता."

घंटा झाली म्हणून ती तासाला गेली. मी तिथेच उभी राहिले.

रविवार, ४ जानेवारी

सकाळपासून भांडते आहे, मनातल्या मनात, तिच्याशी. सत्तावीस वर्षं! खडूने बोटं फुटली, एक दिवस उशीर नाही. वाढवणला बोंबील सुकवणाऱ्या बाईची मी मुलगी. कोणी हाताला धरून शिकवलं नाही मला. ज्यांना शिकायचं होतं ते शिकलेच ना माझ्याकडे? दोघं इंजिनिअर झाले, एक बँकेत आहे.

दुपारी एक प्रयोग केला. जागृतीच्या बॅचची नावं लिहायला बसले. पन्नास मुलं होती. तिचं सोडून अकरा नावं आठवली. ती अकराही उजव्या हाताची.

कालवण करपलं. यांनी विचारलं काय झालं, तर त्यांच्यावरच ओरडले.

मंगळवार, ६ जानेवारी

नववीवर गेले. गणित फळ्यावर लिहिलं, हात वर झाले. मी पहिल्यांदाच नीट मोजले. उजवे नऊ, डावे एकोणतीस. मी म्हटलं, "आज मी डाव्या हातांना विचारणार आहे."

सगळे डावे हात खाली गेले आणि उजवे वर आले. अडतीसच्या अडतीस. एका क्षणात माझा वर्ग हुशार झाला.

पहिल्या बाकावरच्या भीमाला विचारलं. त्याचा उजवा हात अजून वरच होता. "येतं का रे?" तो म्हणाला, "नाय बाई." "मग उजवा का केलास?" तो बिचारा इतका घाबरला की मीच त्याला बसवलं.

माझी भीती वाटते त्यांना. मला वाटायचं, तो धाक आहे. लाज वाटते आहे मला, फार लाज.

शुक्रवार, ९ जानेवारी

नविन सरांकडे जाऊन सांगितलं, माझे तीन तक्ते परत द्या, चुकीचे भरले गेलेत. सर हसले. "बाई, ते संस्थेकडे गेले. आणि चूक कसली? तुमच्याच अक्षरात आहेत, तुमचीच सही आहे. चौथा पाठ तुम्ही बघायची गरजही नाही आता."

टेबलावर फेब्रुवारीचं वेळापत्रक पडलं होतं. सहावी, गणित, हेतल मॅडम. छापून तयार.

किती वेळ मी त्या कागदाकडे बघत होते, कोण जाणे. चहा, "तुमचा शब्द शेवटचा", चिकूंची पेटी. सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं आणि मी स्वतःला मोठी पारखी समजत होते. त्यांना जागृतीविरुद्ध लिहून देणारी एक बाई हवी होती. मी तर न सांगता, आनंदाने लिहून दिलं. पेटीभर चिकू खाऊन वर कौतुकही केलं!

शनिवार, १० जानेवारी

गप्प बसले तर काय होईल? अडीच वर्षं राहिलीत निवृत्तीला. जागृती लहान आहे, तिला दुसरीकडे मिळेल. असं मी आज चारदा तरी स्वतःला सांगितलं. मग आठवलं, तिच्या हातात माझे तीन तक्ते असतील, त्यांतले दोन 'कमकुवत'चे. ते घेऊन ती कुठल्या दारात उभी राहणार?

सोमवार, १२ जानेवारी

पत्र लिहिलं. तीनही निरीक्षणं मी मागे घेते, निरीक्षण करणारीची समज कमी पडली, पाठ चांगले होते, एवढंच. सरांनी घ्यायला नकार दिला. म्हणाले, "घरी जा, विचार करा." मी खाली लिपिकाकडे गेले. आपल्याकडे कागदावर आवकचा शिक्का आणि क्रमांक पडेपर्यंत तो कागद जन्मालाच येत नाही, हे सत्तावीस वर्षांत पक्कं शिकले आहे. लिपिक वर केबिनकडे बघत चुळबुळ करत होता. मी म्हटलं, "तुझ्या मुलीला मीच शिकवते, शिक्का मार." मारला. आयुष्यातली पहिली धमकी. दुसरी प्रत पालघरला शिक्षणाधिकाऱ्यांना पोस्टाने रजिस्टर करून टाकली.

जागृतीला सांगितलं नाही. आभार मानायला लागली असती तर मला सोसलं नसतं.

मंगळवार, २० जानेवारी

संस्थेची बैठक झाली. मला अर्धा तास बाहेर बसवून ठेवलं. आत गेले तर माझे तीन तक्ते आणि माझं पत्र शेजारी शेजारी मांडलेलं. भावेशभाईंनी एकदा इकडे बोट ठेवलं, एकदा तिकडे, आणि त्यांच्या गुजराती वळणाच्या मराठीत विचारलं,

"जुओ बेन, हे तुमचंज अक्षर ने? आणि हे पण तुमचंज. मग तीन वेळा तुम्ही खोटं लिहिलं?"

हो म्हटलं असतं तर माझ्यावर कारवाई. नाही म्हटलं असतं तर जागृती घरी.

"खोटं नाही लिहिलं," मी म्हटलं. "दिसलं तेच लिहिलं. समोर शिकवणं चाललं होतं, ते मला ओळखता आलं नाही. सत्तावीस वर्षं मी ते केलंच नव्हतं, म्हणून."

नविन सर खाली बघत होते. कोणीतरी खोकलं. भावेशभाई पत्र बाजूला सारत म्हणाले, "पालघरला कॉपी पाठवली ती बरोबर नाही केलं, बेन." त्यांना तेवढंच खुपलं होतं. मी बोलले ते इतिवृत्तात लिहून घ्या, असं मी सांगितलं. लिहिलं की नाही, माहीत नाही.

गुरुवार, २९ जानेवारी

जागृती कायम झाली. पालघरहून फोन आला होता म्हणतात, खरं-खोटं त्यांनाच ठाऊक. हेतल सोमवारपासून आलेली नाही.

नविन सरांनी मला बोलावलं. आज चहा नव्हता. "तुम्हीच म्हणालात, शिकवणं ओळखता येत नाही. मग नववी तुमच्याकडे कशी ठेवू?" नववी जागृतीला, मला पाचवी आणि ग्रंथालय. उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, की माणूस सूड घेत असला तरी बोलतो आहे ते खरं आहे.

जिन्यात जागृती भेटली. पत्राचं तिला कळलं होतं. आभार मानले नाहीत, पाया पडली नाही. बरंच झालं. मीच घाबरत घाबरत विचारलं, "नववीच्या तुझ्या तासाला येऊन बसू का?"

तिने विचार केला. "या. पण मागे खुर्ची टाकून नका बसू बाई, पोरं गप्प होतात. बाकावर बसा, पोरांत."

सोमवार, २ फेब्रुवारी

बसले.

तिसऱ्या बाकावर मुलींनी सरकून जागा दिली. गुडघे बाकात मावत नव्हते. शेजारी शुक्री होती. झरीहून चालत येते, दोन वर्षं गणिताला माझ्याचकडे होती, एवढंच मला तिच्याविषयी सांगता आलं असतं.

जागृतीने (a + b)² हा कंसाचा वर्ग एका मोठ्या चौकोनाचे चार तुकडे पाडून फळ्यावर घेतला आणि विचारलं, मधलं पद कुठून येतं? पहिली दहा मिनिटं कोणी हातच वर करेना, माझ्यामुळे असेल. मग एक डावा वर झाला, मग चार. शुक्रीने माझ्याकडे चोरून पाहिलं आणि आपलाही वर केला. जागृती आमच्या बाकापाशी येऊन थांबली.

शुक्री उभी राहिली. काही बोलेना. तिचा हात बाकाच्या कडेवर घट्ट आवळलेला होता. उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं. हळूच सांगावं, पोरीची सुटका करावी, असं इतकं वाटलं की मी ओठ दाताखाली धरले. जागृती थांबून राहिली. वर्गही थांबून राहिला, कोणी हसलं नाही.

"दो... दो... दोन चौ... चौकोन," शुक्री म्हणाली. "ए... एकसारखे."

"इथपर्यंत बरोबर," जागृती म्हणाली. "पुढे?"

शुक्री बोलताना अडते. शब्द सुरू होतानाच अडतो आणि मग मान थोडी वळवून तो बाहेर काढावा लागतो. दोन वर्षं ती माझ्या वर्गात होती. मला हे आज कळलं.